तिसऱ्या आठवड्याच्या आत

४ मार्च

भाऊजी,

खुशाली विचारून सुरुवात केली, तर मधली अकरा वर्षं गेलीच नाहीत असं वाटेल, म्हणून ते सोडते. अक्षर ओळखलं असेलच. पाकीट न फोडता फळीवर टाकून देऊ नका. तुम्ही दोघे भाऊ तसलेच, म्हणून आधीच बजावते.

यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली आहे. तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. जागा अशी अडचणीची की कापता येत नाही. म्हणून मशीनवर किरणं द्यायची, आठवड्याचे पाच दिवस, एकूण तेहतीस वेळा, आणि दर सोमवारी सलाईनमधून औषध. सुरुवात अठरा तारखेला. मधे हे दोन आठवडे जाताहेत ते दातांमुळे. दोन किडक्या दाढा आधी काढून घेतल्या. किरणं लागल्यावर दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून येत नाही म्हणे.

डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू?" हे म्हणाले, नाही. "दारू?" नाही. "मग तोंडात काय असायचं?" तर म्हणतात, "खिळे." डॉक्टरांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. शेवटी मीच सांगितलं की सोफ्याचं काम करणारा माणूस मूठभर बारीक खिळे गालात ठेवतो, एकेक जिभेनं पुढे ढकलतो आणि चुंबकाची हातोडी तो ओठांतून उचलते, म्हणजे दुसरा हात कापड ताणायला मोकळा. डॉक्टर हसले. गाठ खिळ्यांनी झाली असं नाही म्हणाले, पण यापुढे तोंडात खिळा अजिबात घालायचा नाही. यांनी मान हलवली. तुम्ही पिना मारायची बंदूक दुकानात आणलीत, तेव्हा हलवली होती तशीच.

तुमचं नाव घरात निघतच नाही, असं नाही. मशीनवर निजल्यावर डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लास्टिकची जाळी बसवतात. गरम करून मऊ करतात आणि चेहऱ्यावर ताणतात. तिचं माप देऊन आले आणि म्हणाले, "एक सुरकुती नाही बघ. धाकट्याला दाखवायला हवी होती." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता मुद्द्याचं. तिथल्या नर्सबाई स्पष्ट बोलणाऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघेल, बोलणं नकोसं होईल, कुणाशी काही बोलायचं असेल तर त्याआधी बोलून घ्या. भाऊजी, म्हणून हे पत्र. तिसऱ्या आठवड्याच्या आत फोन करा. मीच केला असता, पण फोन यांच्या खाटेशेजारी आहे आणि मी तुम्हाला लिहिते आहे हे यांना ठाऊक नाही. हे पत्रसुद्धा दवाखान्यातल्या औषधांच्या रांगेत गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे.

वहिनी

२९ मार्च

भाऊजी,

कार्ड मिळालं. चार ओळी. त्यातल्या दोन पत्त्याच्या. "दादाला बोलायचं असेल तर नंबर वर दिला आहे." धन्य आहात. ज्याच्या जिभेत गाठ आहे, त्यानं आधी बोलायचं, आणि ज्याची जीभ धडधाकट आहे, त्यानं वाट बघायची. त्या दिवशी दुकानात मात्र वाट बघितली नाहीत. "मरेपर्यंत खिळे चघळत बस," असं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालात आणि बंदूक पिशवीत घालून निघालात. यांनीही थांबवलं नाही, हे मी विसरलेली नाही.

नऊ वेळा झालं. फोड अजून नाहीत, पण तोंड सुकलं. लाळच नाही. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते, पाण्यानं सोडवावी लागते. चव गेली. उकडलेलं अंडं खाताना म्हणाले, "जुन्या खुर्चीतला भुसा खातोय." तरी मी हार मानलेली नाही. एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून बाटल्या भरून ठेवते आणि दर दोन तासांनी चूळ भरायला लावते. गजराचं घड्याळ आमच्या घरात सासूबाईंसारखं वागतं. ब्रश लहान मुलांचा, मऊ. ओठांना मलम. तिखट, आंबट, कडकडीत सगळं बंद. शेजारच्या मास्तरांनी प्रेमानं दुकानातलं निळं माऊथवॉश आणून दिलं. नर्सबाईंनी वास घेऊन बाजूला सारलं. त्यात स्पिरिट असतं, त्यानं तोंड जास्तच सुकतं आणि चरचरतं. मास्तर दोन दिवस खट्टू होते.

आवाज जरा जड आहे, पण आहे. काल नळ दुरुस्त करणाऱ्याशी भांडले. तो दारात उभा राहून ऐकत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की त्याला मी चहा दिला. अजून आठ-दहा दिवस आहेत. आधी कुणी करायचा फोन, हे नंतर ठरवू. आत्ता तुम्ही करा.

वहिनी

९ एप्रिल

भाऊजी,

तुमचा फोन नाही. तिसरा आठवडा संपला.

काळजी करण्यासारखं काही नाही. थोडे फोड आले आहेत, ते सगळ्यांनाच येतात. वजन जरासं उतरलं. एकही दिवस चुकलेला नाही, सोळा वेळा झालं. एका जुन्या गिऱ्हाइकाची हातांची खुर्ची घरी आणून ठेवली आहे, ती खिडकीपाशी बसून थोडी थोडी करतात. मी विरोध केला नाही. हातात काम असलं की माणूस बरा असतो. या तीन-चार दिवसांत तर खूश आहेत.

बोलणं कमी आहे, पण आधी तरी कुठे हे भाषणं द्यायचे? तुम्ही बोलायला लागलात की बोलतील. फोन कधीही करा. फक्त सकाळी अकरा ते बारा नको, तेव्हा मी औषधं आणायला बाहेर असते.

वहिनी

२० एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र काल आलं. तीनदा वाचलं. "वहिनी, मी फोन केला. त्या दिवशी बोललो ते चुकलं म्हणून सांगितलं. अकरा वर्षांत झोपताना रोज ते वाक्य आठवतं, हेही सांगितलं. दादाने फोन उचलला होता. श्वास ऐकू येत होता. पण एक शब्द नाही. उलट हातोडीची टकटक. मी माफी मागतोय आणि हा तिकडे काम करत बसलाय. आता पुन्हा फोन करणार नाही."

हातोडी नव्हती, भाऊजी. बोटाच्या पेरानं रिसीव्हर ठोकत होते. मी आहे, ऐकतोय, एवढं कळवायला. दुसरं काय करणार होते? तीन एप्रिलपासून त्यांच्या तोंडून शब्द निघालेला नाही.

नऊ तारखेला "थोडे फोड" असं लिहिलं ते खोटं होतं. जिभेच्या दोन्ही कडा आणि गालांच्या आतली कातडी निघून आली आहे. वर पांढरी बुरशी चढली, तिचं वेगळं औषध. थुंकी दोरीसारखी घट्ट, ती बोटानं ओढून काढते. जेवणाआधी सुन्न करणारं जेल लावायचं, त्याचा असर दहा-बारा मिनिटं, तेवढ्यात चार चमचे दूध गेलं तर गेलं. वजन जरासं नाही, नऊ किलो उतरलं.

खोटं का लिहिलं ते सांगते. तुमचं कार्ड यांना एक तारखेला सापडलं. मला वाटलं आता खैर नाही. पण रागावले नाहीत. मी भांडी घासत होते तेव्हा नंबर फिरवल्याचा आवाज आला, मग ठेवल्याचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले ते तोंड उघडेना. कागदावर लिहिलं, "धाकट्याला कळवू नकोस. कीव करत येईल." हे त्यांचं कारण. माझं कारण याहून वाईट होतं. दादाला बोलता येत नाही असं कळलं, तर तुम्ही फोन कशाला कराल, असं मला वाटलं. तुमचा फोन आला की मी उचलीन, मी सांगीन, मग रिसीव्हर त्यांच्या कानाला लावीन, असा माझा बेत. आणि तुम्ही नेमका तो एक तास निवडलात. वहिनीच्या कानावर माफी जायला नको म्हणून. कळतं मला.

मी बाटल्या घेऊन घरी आले तर हे खाटेवर बसलेले, फोन मांडीवर, आतून नुसता टूं आवाज येतोय आणि ओठाच्या फटीतून रक्त. बोलायचा प्रयत्न केला होता. कागदावर लिहिलं, "तो रडला. मला नुसतं अरे म्हणायचं होतं."

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पाकीट बंद करणार नाही.

नर्सबाईंनी सांगितलं होतं की बिनसाखरेची गोळी चघळली की उरलीसुरली लाळ सुटते. यांना गोळी आवडेना. पाच तारखेला मी खोलीत गेले तर गाल थोडा फुगलेला. मी ओळखलं. चाळीस वर्षं तो गाल बघते आहे. खिळा होता. गालाला बोट लावून, मग अंगठा वर करून दाखवलं, पाणी सुटतंय. चाळीस वर्षं खिळा तोंडात गेला की लाळ सुटायची, तोंडाला तेच ठाऊक. आणि खरंच सुटत होती, भाऊजी. चुळीच्या पाण्याच्या भांड्यात उकळून घेतला होता, तेही दाखवलं. त्या दिवशी जेल न लावता अर्धा कप दूध प्याले आणि खुर्चीचा एक हात पुरा केला. मी ओरडायला हवं होतं. मी काय केलं? उद्यासाठी आणखी दोन खिळे उकळून दिले. माझ्या हातानं. इतक्या दिवसांनी त्यांना हसताना बघितलं होतं.

सहा दिवस चाललं. मग टोक गालात रुतलं. तिथून पू झाला, ताप चढला. सलाईनच्या औषधानं अंगातली ताकद आधीच खाल्ली होती. तीन दिवस दवाखान्यात ठेवलं आणि किरणं बंद केली. अजून बंदच आहेत. अठराव्यावर अडकलंय. डॉक्टर म्हणाले, मधे खंड पडला की गाठ पुन्हा जोर धरते, म्हणून तर एक दिवस चुकवू नका म्हणत होतो. जखम कशानं झाली असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ब्रश लागला असेल. हे माझ्याकडे बघत राहिले आणि काही लिहिलं नाही.

तुम्ही त्या दिवशी दुकानात जे म्हणालात त्याचं ओझं तुम्ही अकरा वर्षं वाहिलंत. वाहू नका. ते तुम्ही नुसतं बोललात. केलं ते मी.

आता सगळं सांगितलं. या. नाहीतर फोन करा आणि उत्तराची वाट न बघता बोला. कान चांगले आहेत.

वहिनी

७ मे

भाऊजी,

अडीच आठवड्यांनी तुमचं उत्तर आलं. समोर यायचं धैर्य होत नाही, आधी फोनवर बोलू द्या, रविवारी दुपारी तीनला करतो, असं लिहिलंत. मी चिडणार होते, पण यांना वाचून दाखवलं तर यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग कॅलेंडरवरच्या रविवारी पेन्सिलीनं गोल केला. तेव्हा राहू दे म्हटलं.

बातमी चांगली नाही. किरणं पुन्हा सुरू केली, चोवीसपर्यंत गेलो. मग दूध गिळताना छातीत उतरलं, न्यूमोनिया झाला. तेव्हा काढलेल्या फोटोत गाठ तेवढीच दिसली आणि फुप्फुसात नवे ठिपके. डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की आता मशीन नको, घरी न्या, त्रास होऊ देऊ नका, तोंड ओलं ठेवा. मी विचारलं, तेहतीस पुरी झाली असती तर? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. माणूस चांगला आहे. मला सांगता येतं.

मशीन थांबलं आणि फोड भरायला लागले. काल नर्सबाई घरी आल्या होत्या, बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाल्या, "वा, तोंड किती छान ठेवलंय!" मला हसावं की रडावं कळेना. आता काडीला स्पंजाचा तुकडा लावून दर अर्ध्या तासाला जीभ, टाळू, गाल ओले करते. लाळेसारखा एक फवारा मिळतो, तो झोपताना. रात्रंदिवस मी एका माणसाचं तोंड ओलं ठेवते आणि तो माणूस माझ्यासमोर वाळत चाललाय.

आवाज येणार नाही. घोगरा, फुटका, कसलाच नाही. तुम्ही बोला. मी रिसीव्हर धरीन. तुम्ही हल्ली खुर्च्यांना कापड कुठलं लावता, मुलगी काय शिकते, बंदुकीनं मारलेल्या पिना किती वर्षांनी सैल होतात, काहीही. पिनांचं तर ऐकायला त्यांना फार आवडेल.

वहिनी

२६ मे

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. तुम्ही विचारता, माझ्या फोननंतर दादानं काही लिहिलं का? एखादा शब्द? तो कागद असेल तर मला द्या.

तीन दिवस मी हे पत्र टाळलं. खरं सांगते, एका संध्याकाळी यांची वही पुढे ओढून यांच्या अक्षरात लिहायलाही बसले होते. "धाकट्या, सगळं विसर" असं. यांचं अक्षर मला हुबेहूब जमतं, दुकानाच्या पावत्या मीच लिहायची. दोन शब्द लिहिले आणि फाडलं. तुमच्यापासून लपवून मी एकदा तुमचा पहिला फोन वाया घालवला. पुन्हा नको.

यांना पोचवायला आलात तेव्हा तुम्ही येईल त्याला सांगत होतात, "माझं सगळं ऐकून मग गेला दादा." अर्धा तास बोललो म्हणत होतात. मास्तरांनी तुम्हाला दादा संध्याकाळी पाचला गेला असं कळवलं, ती वेळ मी सांगायला लावली होती.

त्या रविवारी सकाळपासून यांची गडबड. दाढी करून घेतली. धुतलेला शर्ट. तोंड दोनदा पुसून घेतलं, जणू फोनमधून तुम्हाला दिसणार होतं. जेवायच्या वेळेला श्वास जड झाला. मी डॉक्टरांना बोलावू का विचारलं, तर मान हलवली, नको. फोनकडे बोट केलं. लाइन अडेल म्हणून. मी ऐकलं. आयुष्यभर ऐकत आले तसं. हात हातात घेऊन बसले. अडीचला दोन लांब श्वास झाले आणि तिसरा आला नाही.

मी उठले नाही. कुणाला हाक मारली नाही. ठरल्याप्रमाणे स्पंज ओला केला आणि ओठ पुसले. मग बरोबर तीनला घंटी वाजली. तुम्ही एक मिनिटही उशीर केला नाहीत.

भाऊजी, मला सांगता आलं नाही. तुम्ही "दादा" म्हणालात आणि मी रिसीव्हर यांच्या कानाला लावला. तुमचा आवाज बाहेर ऐकू येत होता, सगळं ऐकलं मी. लहानपणी तुम्ही तोंडातला खिळा गिळलात आणि दादा तुम्हाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळाला, ते ऐकलं. वडील गेल्यावर त्यानं स्वतःचं शिक्षण सोडून तुम्हाला हाताशी धरलं, तेही. चुकलो म्हणालात, तेही. मधे मधे थांबत होतात, तेव्हा मी काहीतरी करायला हवं होतं, पण मी नुसती रिसीव्हर धरून होते. शेवटी तुम्ही विचारलंत, "वहिनी, ऐकतोय ना तो?" मी हो म्हणाले.

तुम्हाला माझा राग येईल. यायला हवा. मला तोंड दाखवू नका म्हणालात, तरी मी समजून घेईन. पण तुमची वाट बघता बघता माणूस गेला, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं असं मला वाटलं, कारण वाट बघितली, हे खरं आहे.

फोननंतर यांनी काही लिहिलं नाही. आधी लिहिलं. सव्वादोनला पेन्सिल मागितली आणि वहीत नाही, माझ्या औषधांच्या यादीच्या कागदामागे लिहिलं. ओळ खाली घसरली आहे. तो कागद सोबत पाठवते. माझ्यासाठी नाही तो, तुमचाच आहे.

त्यावर लिहिलंय, "तीन वाजले का?"

वहिनी